तहाचें वतन

एखाद्या देशांतील आपापसांतलें युद्ध संपून तह झाला अशी वार्ता आली कीं, दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत एक ठराविक छायाचित्र छापून येतें. लांबलचक मेज, मेजामागें परराष्ट्रांचे मध्यस्थ, आणि मध्यभागीं कालपर्यंत एकमेकांच्या गांवांवर तोफा डागणारे दोन-तीन पुढारी हातांत हात घालून उभे. तें चित्र पाहून आपणांसारख्या सुखवस्तु घरांतील माणसास बरें वाटतें. चहाचा पेला खालीं ठेवून आपण म्हणतों, "सुटलीं बिचारीं एकदांचीं!" आणि पान उलटतों. पान उलटण्याची ही घाई आम्हांस अलीकडे फार सलूं लागली आहे. आणि या घाईचेंच ज्यांनीं शास्त्र बनविलें आहे त्यांच्याशीं आज आम्हांस थोडें भांडावयाचें आहे.

त्यांचें शास्त्र थोडक्यांत असें. ज्या देशांत धर्म, पंथ किंवा वंश यांवरून समाज दुभंगला आहे तेथें बहुमताचें राज्य म्हणजे थोरल्या गटाची धाकट्यावर दांडगाई. सबब प्रत्येक गटास मंत्रिमंडळांत, विधिमंडळांत, फौजेंत व कचेऱ्यांत ठराविक वांटा लिहून द्यावा, प्रत्येकास नकाराचा अधिकार द्यावा, आणि गटागटांच्या पुढाऱ्यांनीं वर बसून तडजोडीनें कारभार हांकावा. आरेंड लाइपहार्ट या डच पंडितानें गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून हा विचार पद्धतशीरपणें मांडला, आणि त्यानें दाखविलेल्या उदाहरणांत लेबनॉन हें एक होतें. १९७५ सालीं तें उदाहरण पेटलें. उदाहरण जळालें तरी सिद्धांत मात्र शाबूत राहिला. इतकेंच काय, आग विझविण्यासाठीं पाणी आणलें तेंहि त्याच विहिरीचें!

आम्ही वांटणीचे सरसकट वैरी आहों असा कोणीं ग्रह करून घेऊं नये. ज्या घरांत भाऊ भावाच्या डोक्यांत पहार घालावयास उठला आहे तेथें भिंत घालून चुली वेगळ्या करणें हें शहाणपणाचेंच आहे. दगडापेक्षां वीट मऊ, हें आम्हांस कळतें. ज्याच्या दारांत तोफेचा गोळा पडला नाहीं त्यानें तहाच्या कागदावर शाईचे डाग शोधीत बसूं नये, हाहि टोला आम्ही मुकाट्यानें सोसतों. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, हा जो वांटा दिला तो मुदतीचा कीं मिरासीचा?

महाराष्ट्रांतील वाचकास हा भेद समजावून सांगण्याची गरज पडूं नये. राजाराममहाराजांच्या काळीं मोगली फौजा जिंजीपर्यंत भिडल्या असतां सरदारांस मुलूख तोडून देणें हा राज्य वांचविण्याचा मार्ग होता. तो न पत्करते तर पुढें वाद घालण्यास राज्यच उरलें नसतें. परंतु निकडीच्या वेळीं कामगिरीबद्दल जें दिलें तें हळूहळू बापाकडून लेकाकडे जाऊं लागलें. सरंजामाचें वतन झालें, आणि वतनदारास धन्यापेक्षां वतन प्यारें झालें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे तें उगीच नव्हे. हे लोक म्हणजे राज्यांतल्या राज्यांत लहान लहान धनी होऊन बसतात, ही त्या मुत्सद्द्याची तक्रार तीनशें वर्षांनीं बैरूत आणि सारायेव्हो या दूरच्या शहरांना इतकी चपखल लागू पडावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

लेबनॉनचीच हकीकत पाहा. त्या एवढ्याशा देशांत कायद्यानें मान्य असे अठरा पंथ आहेत. फ्रेंचांच्या अंमलांत १९३२ सालीं जी खानेसुमारी झाली तीच तेथली शेवटची सरकारी खानेसुमारी. कारण माणसें मोजलीं तर कोणाचा वांटा वाढेल व कोणाचा घटेल, या धास्तीनें पुढें मोजण्याचें धाडसच कोणीं केलें नाहीं. १९४३ सालीं, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, एक अलिखित करार ठरला : राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती असावा व मुख्य प्रधान सुन्नी, विधिमंडळाचें अध्यक्षपदहि पुढें रूढीनें शियांकडे गेलें, आणि सभासदांत सहा ख्रिस्त्यांमागें पांच मुसलमान असें प्रमाण. पुढें लोकसंख्येचें पारडें सरकलें, पण प्रमाण सरकलें नाहीं. त्यांत पॅलेस्टिनी निर्वासित व त्यांच्या सशस्त्र संघटना, शेजारी राष्ट्रांची ढवळाढवळ आणि घरचें दारिद्र्य यांची भर पडली, आणि १९७५ पासून १९९० पर्यंत तो देश स्वतःस जाळीत राहिला. लाखाहून अधिक माणसें मेलीं.

१९८९ च्या ऑक्टोबरांत सौदी अरबस्तानांतील ताइफ या गांवीं तह झाला. तो करण्यास बसले कोण? १९७२ सालीं निवडून आलेल्या विधिमंडळाचे हयात सभासद. मध्यें सतरा वर्षें निवडणूकच झाली नव्हती. त्यांनीं सहास पांच हें प्रमाण मोडून निम्मेंनिम्म केलें, आणि राष्ट्राध्यक्षाचे पुष्कळसे अधिकार मंत्रिमंडळाकडे सोंपविले. येथवर आमची तक्रार नाहीं. शिवाय राज्यकारभारांतील पंथभेद नाहींसा करणें हें राष्ट्राचें मूलभूत ध्येय होय, असेंहि त्यांनीं लिहून ठेविलें. आणि १९९० सालीं राज्यघटनेच्या ९५ व्या कलमांत, निम्म्यानिम्म्या तत्त्वावर निवडून येणाऱ्या पहिल्याच विधिमंडळानें त्या कामीं एक राष्ट्रीय समिति बसवावी, असें घातलें. तें पहिलें विधिमंडळ १९९२ सालीं निवडून आलें. त्यावर तीस वर्षें उलटून गेलीं तरी समिति बसलेली नाहीं. कलमांत ध्येय होतें, मार्ग होता, अध्यक्ष कोण असावा हेंहि होतें. अमुक सालाच्या आंत, हे शब्द तेवढे नव्हते. मुहूर्त न घातलेल्या लग्नपत्रिका वांटून वरबाप मोकळा झाला, आणि वऱ्हाडी मंडळी अजून ओसरीवर बसून आहेत.

समिति कां बसली नाहीं, हें समजण्यास फार खोल जावें लागत नाहीं. ती बसवावयाची कोणी? १९९१ सालीं बहुतेक टोळीसैन्यें मोडण्यांत आलीं (हिज्बुल्लाचें तेवढें राहिलें, आणि त्याचें फळ पुढें साऱ्या देशानें चाखलें), परंतु टोळ्यांचे नायक मोडले नाहींत. ते मंत्री झाले. आमच्याकडे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें असें म्हणतात, तेथें त्याला राष्ट्रीय ऐक्याचें सरकार असें नांव पडलें. अमल या शिया सैन्याचे नायक नबीह बेरी १९९२ सालीं विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, आणि २०२२ च्या निवडणुकीनंतरहि त्या आसनावर तेच बसले. तीस वर्षें! एवढ्या अवधींत आमच्याकडे वतनाच्या सनदेची दुसरी नक्कल करावी लागली असती.

त्याच १९९१ च्या ऑगस्टांत सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. यांतली एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. माफी सर्वांस होती, तथापि तिला अपवाद होते; राजकीय व धार्मिक पुढाऱ्यांचे आणि परकी वकिलांचे खून हे त्यांतले ठळक अपवाद. म्हणजे रस्त्यांत गाडी अडवून, ओळखपत्रावरला पंथ वाचून एखाद्या मास्तरास किंवा भाजीवाल्यास ज्यानें भिंतीशीं उभें केलें त्याचें पाप धुतलें गेलें. पुढाऱ्यावर ज्यानें गोळी झाडली त्याचें तेवढें राहिलें. ज्यांनीं कायदा केला त्यांच्या दृष्टीनें जीव कोणाचा मोलाचा होता, हें याहून स्पष्ट कोणत्या कलमांत लिहितां आलें असतें?

आणि जे परत आलेच नाहींत त्यांचें काय? युद्धांत नाहींशा झालेल्यांची संख्या सतरा हजार सांगतात. वदाद हलवानी या बाईंच्या यजमानांस १९८२ सालीं घरांतून नेलें. त्यांनीं त्याच वर्षीं आपल्यासारख्याच बायांना जमवून एक मंडळ स्थापिलें. त्यांत सर्व पंथांच्या बाया होत्या, आणि त्या पंथांत वांटणी मागत नव्हत्या. आमचीं माणसें जिवंत आहेत कीं मेलीं एवढें सांगा, इतकेंच त्यांचें मागणें होतें. या मागण्यास कायद्याचें रूप मिळण्यास २०१८ साल उजाडलें. छत्तीस वर्षें! ज्या तहानें मंत्रिपदें पंथवार मोजून दिलीं त्याला मेलेले मोजण्यास सवड झाली नाहीं. मोजणार कसे? प्रत्येक खड्ड्याशेजारीं कोणा ना कोणा मंत्र्याचें जुनें ठाणें होतें.

यावर आमचे शास्त्री म्हणतील, "पण शांतता तर टिकली?" त्या शांततेंत राष्ट्राध्यक्षाची खुर्ची २०१४ पासून २०१६ पर्यंत, आणि पुनः २०२२ च्या अखेरीपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत रिकामी पडून होती, कारण वांटेकऱ्यांचें एकमत होईना. २०१५ सालीं राजधानीचा कचरा उचलण्याचेंहि एकमत होईना. २०१९ च्या ऑक्टोबरांत पोरेंबाळें घेऊन लोक रस्त्यावर उतरले, आणि सर्व म्हणजे सर्वच पुढारी चालते व्हा, अशी त्यांनीं आरोळी ठोकली. पंथाचें नांव न घेतां झालेली ही त्या देशांतली केवढी मोठी गोष्ट! पुढल्या वर्षीं सरकारचें दिवाळें वाजलें, आणि रुपया घसरला म्हणून आपण कुरकुरतों त्या मापानें मोजतांच येणार नाहीं असें तेथलें नाणें मातीमोल झालें. आणि २०२० च्या ४ ऑगस्टला बैरूतच्या बंदरांत २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. तो माल २०१४ पासून तेथल्या वखारींत पडून होता व तो घातक आहे हें अधिकाऱ्यांस लेखी कळविलेलें होतें. त्या मालाला पंथ नव्हता. म्हणूनच कीं काय, त्याची जबाबदारी कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. चौकशीस बसलेल्या पहिल्या न्यायाधीशानें माजी मंत्र्यांस आरोपी करतांच त्यास काढण्यांत आलें. दुसऱ्याचें काम दाव्यांवर दावे लावून वर्षानुवर्षें अडवून धरलें. प्रत्येक आरोपीमागें त्याचा पंथ उभा, आणि पंथास हात लावणें म्हणजे तह मोडणें! वतन कसें राखावें हें यांच्याकडून शिकावें.

लेबनॉन हा अपवाद, असें म्हणणाऱ्यांसाठीं बोस्निया आहे. १९९२ ते १९९५ या वर्षांत तेथें सुमारें एक लाख माणसें मारलीं गेलीं. १९९५ च्या जुलैंत एकट्या स्रेब्रेनिट्सा येथें आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुलगे कापले गेले. मग अमेरिकेंतील डेटन गांवच्या विमानतळावर तिन्ही बाजूंच्या धुरीणांस तीन आठवडे कोंडून तह करविला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॅरिसला त्यावर सह्या झाल्या. तोफा थांबल्या हें खरें, आणि त्याबद्दल मध्यस्थांचे उपकार मानावे तितके थोडेच. पण देशाची राज्यघटना म्हणून जी आहे ती या तहाचें चौथें परिशिष्ट आहे! रणांगणावरील रेषा जेथें थबकली बहुतांशीं तेथेंच, शेंकडा ५१ व ४९ अशी, भूमि दोन भागांत विभागली. आणि देशास एक अध्यक्ष न देतां तीन दिले, एक बोस्नियाक, एक क्रोआट, एक सर्ब.

याकोब फिंची हे सारायेव्होचे यहुदी गृहस्थ, आणि देर्वो सेयदिच हे रोमा जातीचे. दोघेहि बोस्नियाचे नागरिक. परंतु या तिन्हींपैकीं एकहि नसल्यामुळें त्यांस अध्यक्षपदासाठीं उभें राहतां येईना. ते स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयांत गेले, व २००९ च्या डिसेंबरांत तेथें जिंकले. पुढें २०१४ सालीं एक बाई जिंकल्या; मी कोणत्याच वंशाची नाहीं, मी या देशाची नागरिक आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पहिल्या निकालास पंधरा वर्षें उलटून गेल्यावरहि घटना होती तेथेंच आहे, कारण ती बदलण्यास ज्यांची संमति लागते ते तिचेच वतनदार आहेत. तहानें युद्ध करणाऱ्या तिघांस ओळखलें. युद्ध न केलेला चौथा त्याला ठाऊकच नाहीं. बंदूक हातीं घेतली असती तर त्या यहुदी गृहस्थालाहि डेटनला खुर्ची मिळाली असती काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. आणि असा प्रश्न ज्या व्यवस्थेमुळें मनांत येतो तिला शांततेची व्यवस्था म्हणतांना जीभ अडखळते.

उत्तर आयर्लंडचें नांव घेऊन कोणी आम्हांस गप्प करूं पाहील. १९९८ च्या करारानें तेथें तीस वर्षांचा रक्तपात बहुतांशीं थांबला, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. पण तेथल्या सभेंतहि प्रत्येक सभासदास मी या पक्षाचा, त्या पक्षाचा, किंवा 'इतर' अशी नोंद करावी लागते, आणि दोन्ही समाजांची संमति लागते अशा प्रश्नांवर 'इतरां'चें मत हलकें पडतें. दोहोंपैकीं एक थोरला पक्ष रुसला कीं सारें दुकान बंद : २०१७ ते २०२० एकदां, २०२२ ते २०२४ पुनः. जी माणसें जुनें भांडण विसरलीं त्यांच्याच मताची किंमत कमी, हा न्याय कोणता?

आतां आमच्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप घेऊं. तो असा कीं, मुदतीच्या वांट्यावर शस्त्र खालीं ठेवील इतका भोळा कोण? वांटा उद्यां जाणार असेल तर तो आज सही कां करील? आक्षेप वजनदार आहे, आणि त्यास तर्कानें उत्तर देण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. त्यास उत्तर दक्षिण आफ्रिकेनें दिलें आहे.

१९९२ सालीं गोऱ्या सरकारशीं चाललेलीं बोलणीं कुंठित झालीं असतां जो स्लोव्हो या साम्यवादी पुढाऱ्यानें एक तोड सुचविली. जन्मभर ज्या सरकारशीं तो लढला, ज्याच्या हस्तकांच्या टपालबाँबनें त्याची पत्नी रूथ फर्स्ट १९८२ सालीं मेली, त्याच सरकारच्या पक्षास कांहीं वर्षें राज्यांत वांटा द्यावा, गोऱ्या नोकरांच्या नोकऱ्या राखाव्या, पण या साऱ्यास अस्ताची वेळ आधींच नेमून द्यावी, असें त्याचें म्हणणें होतें. त्यास 'सूर्यास्ताचें कलम' असें नांव पडलें. स्वपक्षीयांनीं त्याच्यावर टीकेची झोड उठविली. तरी अखेर १९९३ च्या हंगामी घटनेंत तेंच आलें. विधिमंडळांत वीस जागा ज्या पक्षास मिळतील त्यास मंत्रिमंडळांत प्रमाणशीर वांटा. आणि ही व्यवस्था पांच वर्षांपुरती. वांटा मतांवर होता, कातडीच्या रंगावर नव्हता, हें विशेष. डी क्लर्क यांनीं सही केली, ते उपाध्यक्ष झाले, आणि १९९६ सालीं मुदत संपण्यापूर्वींच त्यांचा पक्ष आपण होऊन सरकारांतून बाहेर पडला. आकाश कोसळलें नाहीं.

माफीहि तेथें होती, पण ती घाऊक नव्हती. ज्यानें त्यानें आपल्या नांवानें अर्ज करावयाचा, काय केलें तें उघड सांगावयाचें, आणि तें राजकीय हेतूनें केलें हें पटवावयाचें. सात हजारांवर अर्ज आले, त्यांतले बहुतेक फेटाळले गेले. फेटाळलेल्यांपैकीं फारच थोड्यांवर पुढें खटले झाले, हा त्या राष्ट्राच्या कपाळींचा डाग आहे व तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. तेथली गरिबी आणि भूमीची विषम वांटणी यांवरहि पांघरूण घालीत नाहीं. तरी पण नवरा कोठें पुरला तें पुष्कळ बायांस तेथें कळलें. बैरूतच्या बायांस कळलें नाहीं.

"पण आफ्रिकेंत एका बाजूस स्पष्ट बहुमत होतें, लेबनॉनांत सारेच अल्पसंख्य!" असें कोणी म्हणेल. म्हणूनच तेथें मुदत पांच वर्षांची न धरतां पंधराची धरा, वीसची धरा. एकदम न काढतां आधीं कचेऱ्यांतून काढा, मग विधिमंडळांतून काढा, आणि धाकट्या समाजांचें देऊळ-मशीद-भाषा राखण्यास एक निराळी सभा ठेवा. अशी निराळी सभा ताइफच्या तहांतच सांगितलेली आहे! उपाय ठाऊक नाहीं असें नाहीं. तारीख घालण्याची वेळ एकच असते, आणि ती म्हणजे सह्या होण्यापूर्वीं, जेव्हां मध्यस्थांचा पैसा व फौज यांचा दाब असतो आणि पुढाऱ्यांस तह हवा असतो. त्या वेळीं मध्यस्थांस घरीं जाण्याची घाई असते. तेहि पान उलटतात.

डेटनच्या वांटणीचें शेवटचें टोंक बोस्नियाच्या शाळांत दिसतें. मध्य बोस्नियांत व हर्झेगोव्हिनांत 'एका छपराखालीं दोन शाळा' चालतात : एकच इमारत, पण क्रोआट मुलें एका दारानें वा एका पाळींत आणि बोस्नियाक मुलें दुसऱ्या, पाठ्यपुस्तकें निराळीं, इतिहास निराळा. याय्त्से या जुन्या गांवीं माध्यमिक शाळेंत दोन्हीकडचीं मुलें एकत्र शिकत होतीं. २०१६ सालीं तेथल्या अधिकाऱ्यांनीं ती शाळाहि वंशवार वेगळी करावयाचें ठरविलें. तेव्हां मुलेंच रस्त्यावर आलीं. बोस्नियाक आलीं, क्रोआट आलीं. त्यांतलें एकहि मूल युद्धापूर्वीं जन्मलेलें नव्हतें, आणि तहाच्या कोणत्याहि परिशिष्टांत त्यांस बोलण्याचा अधिकार दिलेला नव्हता. वर्षभर त्यांनीं चिकाटी धरली. २०१७ सालीं अधिकाऱ्यांनीं तो बेत सोडून दिला.